जामेच्या काठापासून गोदेच्या मुखापर्यंत

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे ओढेनाले पोटात घेत पांढुर्ण्यावरून वाहत येणारी जाम नदी जामसांवलीच्या शिवाराजवळून पुढे जाते, तेव्हा मृगाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर तिचे पाणी काळपट तपकिरी झालेले असते, आणि मारुतीच्या दर्शनाला आलेल्या भाविकाला त्यात पुरापलीकडे विशेष काही दिसत नाही. वास्तविक तो रंग वरच्या अंगाच्या शेतांचा असतो, कपाशीसाठी वखरून मोकळ्या केलेल्या, संत्र्याच्या बागांतून सुटलेल्या, फुटक्या धुऱ्यांवरून निसटलेल्या मातीचा. ही जाम कन्हानेला मिळते, कन्हान कामठीजवळ बिना संगमावर पेंच आणि कोलार यांना भेटते, मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’शी परंपरेने ज्याचे नाव जोडले आहे त्या अंभोऱ्याला ती वैनगंगेच्या स्वाधीन होते, वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्यापाशी गोदावरीत विसर्जित होते, आणि गोदावरी पापी टेकड्यांच्या घळीतून बाहेर पडून, राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम येथे दुभंगून, गौतमी आणि वासिष्ठी या मुखांनी समुद्राला मिळण्यापूर्वी आपले ओझे खाली ठेवते. त्या ओझ्यातून जो सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचा त्रिभुज प्रदेश निर्माण झाला, ज्यावर आज तेलुगू शेतकऱ्यांचे भात आणि कोनसीमेची नारळीची बने उभी आहेत, त्याच्या घडणीत जामेच्या काठच्या मातीचाही अंश आहे.

त्रिभुज प्रदेशाच्या जमिनीविषयी बोलताना ‘गाळाची सुपीक जमीन’ एवढ्या तीन शब्दांत विषय संपविण्याची आपली सवय आहे. ती माती सुपीक का, सर्वत्र सारखीच सुपीक आहे काय, कोठे ती मिठाने मारलेली आहे आणि का, याचा विचार करावयाचा तर समुद्रकाठापासून आरंभ करून भागत नाही. मातीचे गुणधर्म ती जेथे विसावते तेथे पूर्णपणे ठरत नाहीत. त्यांचा मोठा भाग ती ज्या खडकातून जन्मली त्या खडकाने आधीच ठरविलेला असतो. म्हणून गोदेच्या मुखाची माती समजून घेण्यासाठी सौसर-पांढुर्ण्याच्या शिवारापर्यंत वर चढून यावे, असे मला वाटते.

छिंदवाडा जिल्ह्याचे जुने दप्तर या मुलखाचे दोन भाग पाडीत असे: घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. सौसरची तहसील जेरघाटात मोडे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा टापू मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु जमिनीला या सरहद्दींची खबर नाही. तिची खरी सीमा निराळ्याच ठिकाणी आहे. पांढुर्ण्याकडील सारा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर वाहून आलेल्या लाव्हारसाचा, ज्याला शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. तर सौसरच्या आसपास आणि पूर्वेस त्या थराखालचे अतिप्राचीन स्फटिकमय खडक उघडे पडले आहेत. त्यांत संगमरवर आहे, अभ्रकाचे चकचकीत स्तरित खडक आहेत, आणि ज्यासाठी या भागात खाणी निघाल्या ते मँगनीजही आहे. मध्य भारतातील या खडकमालेला भूशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौसर’ हेच नाव मिळाले आहे. एका लहानशा तहसिलीच्या गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी असावे आणि गावातील फारच थोड्या लोकांना ते ठाऊक असावे, ही गोष्ट आपल्या शाळांनी मनावर घेण्यासारखी आहे.

काळ्या पाषाणात चुना, मॅग्नेशियम आणि लोह यांचे प्रमाण मोठे, वाळूचा कण होऊन टिकणारे गारगोटीचे द्रव्य जवळजवळ नाही. त्यामुळे तो झिजतो तेव्हा त्याची रेती होत नाही; चिकणमाती होते. स्फटिकमय खडक झिजतात तेव्हा गारगोटी जशीच्या तशी मागे राहते आणि जमीन रेताड, लालसर, भुसभुशीत होते. जुन्या बंदोबस्ताच्या अंमलदारांना हे रसायन माहीत नव्हते, पण त्याचा परिणाम त्यांनी अचूक टिपला होता. मध्यप्रांतात १८८०नंतरच्या काळात बॅम्फिल्ड फुलर यांच्या देखरेखीखाली जो बंदोबस्त झाला, त्यात शेताशेताची माती पाहून, तिला काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी अशा प्रतींत बसवून, प्रत्येक प्रतीला तिच्या उत्पन्नशक्तीच्या मानाने अंक देऊन जमाबंदीचा आकार ठरविण्याची पद्धत रूढ झाली. ही नावे सरकारने शोधलेली नव्हती, ती कास्तकारांचीच होती. काळी म्हणजे खोल, निर्भेळ काळी जमीन. मोरंड म्हणजे चुनखडीचे खडे किंवा थोडी रेती मिसळलेली. खरडी म्हणजे उथळ आणि दगडगोट्यांची. बरडी म्हणजे लाल मुरमाड. आजच्या प्रयोगशाळेचे वर्गीकरण अधिक सूक्ष्म आहे खरे, तथापि पटवाऱ्याच्या जुन्या खसऱ्यातील ‘मोरंड’ या एका शब्दात पोत, खोली, चुन्याचे प्रमाण आणि अपेक्षित पीक एवढी माहिती साठविलेली असे, आणि ती कोणाही अशिक्षित शेतकऱ्याला वाचता येत असे.

आता चिकणमाती म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना माती म्हणतात. त्यांतील दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षाही बारीक कण ते चिकणमातीचे. खोल काळ्या जमिनीत शंभर भागांत चाळीस ते साठ भाग हेच कण असतात. बारीकपणापेक्षाही त्यांची रचना महत्त्वाची. काळ्या पाषाणातून जे खनिज मुख्यतः तयार होते त्याला स्मेक्टाइट म्हणतात, आणि त्याचा प्रत्येक कण वहीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पत्र्यांचा असतो. या पत्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरते, पत्रे दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी आटले की पत्रे मिटतात आणि माती आक्रसते. एक ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचे आतबाहेरचे सगळे पृष्ठ उलगडून मांडता आले तर ते आठशे चौरस मीटरांपर्यंत भरेल. चिमूटभर मातीत एवढे विस्तीर्ण अंगण दडलेले असते, आणि पाणी, चुना, पालाश, जस्त, युरियातून उत्पन्न झालेले अमोनियम, हे सर्व त्याच अंगणात वस्तीला असते.

काळ्या जमिनीचे सारे लाड आणि सारा त्रास यातूनच उद्भवतो. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची सुकी भुकटी त्या भेगांत पडते, पावसाने माती फुगली की ती आतच दाबली जाते, आणि अशा रीतीने ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरीत राहते. पहिला पाऊस भेगांतून झपाट्याने आत उतरतो. भेगा मिटल्या की मात्र पाणी मुरण्याची गती इतकी मंदावते की उतारावर त्याला वाहून जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि जाताना ते बारीक कण घेऊन जाते. एक मीटर खोलीची अशी जमीन पिकाला उपयोगी पडणारे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपल्यावर केवळ त्या ओलीवर हरभरा किंवा गहू येतो. पण तिला वाफसा फार थोडे दिवस असतो: आज औताला चिकटते, चार दिवसांनी ढेकूळ फुटत नाही. शेतकऱ्याच्या कसबाची परीक्षा त्या मधल्या दिवसांत होते.

रासायनिक बाजू पाहू. स्मेक्टाइटच्या पत्र्यांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. त्यामुळे पत्र्यावर ऋण विद्युत्‌भार उरतो, आणि तो भार फेडण्यासाठी चुना, मॅग्नेशियम, पालाश, सोडियम यांचे धनभारित अणू त्याला बिलगून राहतात. ते पक्के जखडलेले नसतात. मुळांनी आपल्याकडचा अम्लाचा अणू दिला की मोबदल्यात चुन्याचा वा पालाशाचा घेता येतो. थॉमस वे या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली ही अदलाबदल प्रयोगाने सिद्ध केली, आणि मृदाशास्त्राचा पाया घातला गेला असे म्हणण्यास हरकत नाही. या देवघेवीची क्षमता काळ्या जमिनीत रेताडीच्या कितीतरी पट असते, आणि तिच्या देवघेवीच्या जागांवर चुन्याचे वर्चस्व असते. चुना असला की कण एकमेकांना धरून रवाळ होतात, हवा खेळते. हे त्याचे उपकार. परंतु तोच चुना फार झाला, मोरंडीतील पांढऱ्या खड्यांच्या रूपाने मुळांच्या थरात साचला आणि जमिनीचा सामू आठाच्या वर गेला की स्फुरद चुन्याशी बांधले जाते, जस्त आणि लोह विरघळेनासे होतात, आणि वर पसरलेल्या युरियातील नत्राचा काही हिस्सा अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जातो.

या भागाचे वैभव जे संत्रे, त्याची दुखणी येथेच शोधावी लागतात. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर ती लोहाची टंचाई. पाने अरुंद, लहान आणि चट्ट्यांची निघाली तर बहुधा जस्ताची. दोन्ही प्रसंगी जमिनीत लोह आणि जस्त नसतात असे नव्हे; चुन्याने ती कुलूपबंद केलेली असतात. म्हणून अशा जमिनीत केवळ खत ओतून उपयोग होत नाही, पानांवर फवारणी करावी लागते आणि सेंद्रिय खताने कुलूप हळूहळू सैल करावे लागते. अतिखोल काळ्या जमिनीत संत्र्याची दुसरीच अडचण. बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. मुरमावरच्या मध्यम जमिनीत तो सहज बसतो, परंतु खोल काळीत ओल टिकून राहते आणि झाड ताणावर येत नाही, शिवाय पावसाळ्यात मुळांशी पाणी तुंबून डिंक्या आणि मूळकूज यांना वाट मिळते. बाग लावण्यापूर्वी निदान मीटरभर खोल खड्डा घेऊन थर पाहावे, खालची चुनखडी पाहावी, हा सल्ला इतका जुना आणि इतका दुर्लक्षित आहे की तो पुनःपुन्हा सांगणे भाग आहे. एकदा लावलेले झाड पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच मातीशी संसार करणार असते.

काळ्या रंगाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रंग गडद म्हणजे सेंद्रिय द्रव्य विपुल, असे आपण गृहीत धरतो. परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्क्याहून कमी आला तर तो कमी समजतात, पाऊण टक्क्याहून अधिक आला तर भरपूर. आणि डोळ्यांना काळीभोर दिसणारी पुष्कळ जमीन पहिल्या वर्गात पडते. चिकणमातीशी एकजीव झालेला थोडासा सेंद्रिय अंश मातीला गडद करण्यास पुरतो. उष्ण प्रदेशात तो अंश झपाट्याने जळतो, म्हणून नत्राची उणीव ही येथली कायमची. २०१५पासून देशभर वाटली जाणारी मृदा आरोग्य पत्रिका जे बारा गुण नोंदवते, त्यांत नत्र-स्फुरद-पालाशाकडे सर्वांचे लक्ष जाते. माझ्या मते शेतकऱ्याने पहिली नजर सेंद्रिय कर्बावर आणि सामूवर टाकावी.

आता ही माती नदीत शिरल्यावर तिचे काय होते? काचेच्या उंच बरणीत मूठभर माती पाण्यात ढवळून ठेवली तर रेती मिनिटाच्या आत तळाला बसते, पोयटा काही तासांत खाली येतो, आणि चिकणमाती दिवसेंदिवस तरंगत राहते. कारण कणाचा व्यास निम्मा झाला की तो बुडण्याची गती चौथाईवर येते. नदी हाच निवाडा शेकडो कोसांच्या प्रवासात करते. रेती कन्हानेच्या पात्रात थांबते, पोयटा पुराच्या वेळी काठावर पडतो, आणि चिकणमाती थेट मुखापर्यंत जाते. तेथे खारे पाणी भेटले की समुद्राच्या मिठाने कणांमधील परस्परांना दूर लोटणारी शक्ती नाहीशी होते, कण एकत्र येऊन जड पुंजके होतात आणि तळाला बसतात. गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग काळ्या पाषाणाचा असल्याने तिच्या मुखाच्या चिकणमातीत स्मेक्टाइटच प्रमुख आहे. पूर्व घाटांनी आणि वाटेतल्या वालुकाश्मांनी त्यात आपली रेती मिसळली आहे.

म्हणूनच त्रिभुज प्रदेशाची जमीन एकसारखी नाही. नदीच्या काठाकाठाने उंचवटे असतात, ते रेती आणि पोयट्याचे, निचऱ्याचे, केळी-नारळीला मानवणारे. त्यांच्यामागे खोलगट भाग, तेथे पुराचे पाणी संथ होऊन निव्वळ चिकणमाती बसलेली, आणि तीच भाताची जमीन. समुद्राकडे जुन्या किनाऱ्यांच्या रेतीच्या लांबट रांगा आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या खारट दलदली. आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरमला बंधारा बांधून कालव्यांचे जाळे पसरले, तेव्हा पाणी मातीच्या या विविधतेवर सारखेच पोचू लागले.

जामसांवलीला जी माती उन्हात तडकते तीच धवळेश्वरमच्या खाली भाताच्या बांधीत महिनोन्‌महिने पाण्याखाली असते, आणि या एका फरकाने तिचे रसायन पालटते. पाणी भरले की मातीतील प्राणवायू दिवस-दोन दिवसांत संपतो. मग सूक्ष्मजीव श्वसनासाठी नायट्रेट, मँगनीज आणि लोह यांच्या संयुगांतील प्राणवायू वापरू लागतात. लोह विद्राव्य स्वरूपात येते, त्याला चिकटलेले स्फुरद सुटते, आणि विम्ल जमिनीचा सामू घसरून सातच्या आसपास स्थिरावतो. संत्र्याला जे लोह आणि स्फुरद मिळेना ते भाताला विनासायास मिळते. जस्ताचे मात्र दोन्हीकडे दुर्भिक्ष. पाण्याखाली ते अधिकच दुर्मीळ होते, आणि भाताची रोपे जस्ताअभावी तांबूस पडून खुजी राहतात.

समुद्राजवळ सोडियमचा प्रश्न उभा राहतो. येथे दोन अवस्थांचा भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण उपाय निरनिराळे आहेत. मातीत मीठ पुष्कळ असते तेव्हा कण पुंजक्यांतच राहतात, पाणी मुरते, फक्त मुळांना पाणी ओढणे कठीण जाते. अशी खारी जमीन गोड्या पाण्याने धुऊन निघते. परंतु धुण्यात मीठ गेले आणि चिकणमातीच्या देवघेवीच्या जागांवर सोडियम तसाच राहिला, तर कण एकमेकांपासून फुटतात, छिद्रे बुजतात, आणि जमीन पावसात चिखल, उन्हात दगड होते. ही चोपण. तिला नुसते पाणी देणे म्हणजे रोग वाढविणे होय. जिप्सम घालून सोडियमच्या जागी चुना बसविला पाहिजे आणि सुटलेला सोडियम निचऱ्याने बाहेर काढला पाहिजे. विदर्भाच्या वाचकाला यासाठी आंध्रात जावयास नको: अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतला पूर्णेचा खारपाणपट्टा समुद्रापासून एवढा दूर असूनही याच सोडियमच्या उपद्रवाने पीडलेला आहे.

आपल्या देशात दर हेक्टरी दरवर्षी सरासरी सोळा टनांहून थोडी अधिक माती स्थानभ्रष्ट होते, असा ध्रुव नारायण आणि राम बाबू यांचा १९८३चा प्रसिद्ध अंदाज आहे. त्यांच्या हिशेबाने तीतील सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, दहा टक्के धरणांत साचते, आणि बाकीची एका शेतातून उठून दुसरीकडे पडते. त्यानंतर धरणे पुष्कळ झाली. वैनगंगेवर गोसेखुर्द झाले, पेंचवर तोतलाडोह, गोदावरीवर जायकवाडीच्या खाली एकामागून एक. १९७०च्या दशकात गोदावरी समुद्रापर्यंत जेवढा गाळ नेत असे, त्याच्या निम्म्याहूनही कमी तो १९९०च्या दशकात पोचू लागला, आणि मुखाजवळच्या किनाऱ्याची काही ठिकाणे समुद्राने खाण्यास सुरुवात केली. वरच्या शेतकऱ्याची माती जातच आहे, खालच्या शेतकऱ्याला ती मिळत नाही. दोघांमधील अंतर धरणांनी व्यापले आहे. यात वरच्या धूपीला आळा घालणे हेच प्रथम कर्तव्य आहे याबद्दल मला संदेह नाही. पिकाच्या ओळी उताराला आडव्या घ्याव्या, धुरे गवताने बांधावे, पहिल्या पावसाच्या वेळी जमीन उघडी राहू नये एवढ्याने ती अर्धी लढाई जिंकता येते.

साचलेल्या गाळाचे काय करावे याचे एक उत्तर सीमेपलीकडच्या महाराष्ट्राने दिले: २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत तलावांतील गाळ शेतकऱ्यांनी उचलून शेतात पसरावा अशी तजवीज आहे. बरडी आणि खरडी जमिनीला हा गाळ मानवतो, कारण तिला हवी तीच चिकणमाती त्यात असते; ओल टिकण्याचा काळ वाढतो, दिलेले खत निसटत नाही. काळ्या खोल जमिनीवर मात्र तो टाकू नये. तेथे चिकणमाती आधीच गरजेपेक्षा जास्त असते आणि निचरा आणखी बिघडतो. शिवाय गाळ उचलण्यापूर्वी त्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, सामू, क्षारता आणि सोडियम तपासून घ्यावे, तलावाच्या मुखाकडचा गाळ रेताड आणि भिंतीकडचा चिकण असतो हे लक्षात ठेवून दोन्हीकडचे नमुने वेगळे घ्यावे, आणि पसरल्यावर तो वखराने जुन्या मातीत मिसळावा, कारण वेगळा थर राहिला तर पाणी त्या दोन थरांच्या सीमेवर अडून बसते आणि मुळे खाली उतरत नाहीत.